नीरोने फिडल वाजवले नाही, पण...

‘रोम जळत होते तेव्हा नीरो फिडल वाजवत होता.’

आमच्या कचेरीत येणाऱ्या लेखांपैकी महिन्यातून एका तरी लेखात हे वाक्य असतेच. कुठे पूर येतो आणि मंत्रिमहोदय परदेश दौऱ्यावर असतात. कुठे गाव हंडाभर पाण्यासाठी वणवण करते आणि पुढाऱ्याच्या मुलीच्या लग्नात कारंजी उडतात. लेखक संतापतो आणि त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा हा रोमन सम्राट आठवतो. संगणकावर सीडी तयार करण्याच्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे नावसुद्धा ‘नीरो बर्निंग रॉम’ असे होते आणि त्याच्या चिन्हात ज्वाळांनी वेढलेले कलोसियम होते. गंमत अशी की, कलोसियम बांधायला घेतले तेच मुळी नीरो मेल्यानंतर!

हे वाक्य माझ्या टेबलावर इतक्या वेळा आले की शेवटी मी ठरवले, हा माणूस होता तरी कोण ते एकदा मुळापासून वाचावे. वाचनालयातून पुस्तके आणली. पहिल्याच रात्री फिडलची गोष्ट निकालात निघाली. फिडल म्हणजे व्हायोलिन. हे वाद्य उत्तर इटलीत आकाराला आले ते सोळाव्या शतकात. नीरो वारला इ.स. ६८ मध्ये. म्हणजे ज्या वाद्यापायी हा माणूस जगभर बदनाम झाला, ते त्याच्यानंतर जवळजवळ दीड हजार वर्षांनी जन्माला आले. नीरो वाजवत असे ते किथारा, बोटांनी आणि नखीने छेडायचे एक ग्रीक तंतुवाद्य.

तिथेच पुस्तक मिटले असते तर ‘बिचारा नीरो’ म्हणून मी मोकळी झाले असते. पण मी पुढे वाचत गेले आणि जे हाती लागले ते फिडलपेक्षा कितीतरी भयंकर होते.

सोळा वर्षांचा सम्राट

नीरोचा जन्म १५ डिसेंबर ३७ रोजी, रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या अँटियम या गावी झाला. तीन वर्षांचा असतानाच वडील गेले. आई अग्रिपिना राजघराण्यातली होती, पण तिच्या सख्ख्या भावाने, सम्राट कॅलिगुलाने, तिला हद्दपार केले होते. त्यामुळे हे पोर काही काळ आत्याच्या घरी वाढले. पुढे कॅलिगुलाचा खून झाला, अग्रिपिनाचा काका क्लॉडिअस गादीवर आला आणि ती रोमला परतली. इ.स. ४९ मध्ये तिने या सख्ख्या काकाशीच लग्न लावले. पुतणीशी लग्न रोमन रीतीत बसत नव्हते, म्हणून सिनेटने तशी खास परवानगी दिली. पुढच्याच वर्षी क्लॉडिअसने नीरोला दत्तक घेतले. क्लॉडिअसला स्वतःचा मुलगा होता, ब्रिटानिकस. तो नीरोपेक्षा तीन वर्षांनी लहान होता.

इ.स. ५४ च्या ऑक्टोबरमध्ये क्लॉडिअस मरण पावला. अग्रिपिनाने अळिंब्यांतून विष घातले, असे तेव्हाही बोलले गेले आणि आजही बोलले जाते. आपल्याकडे ज्या वयात मुले बारावीच्या क्लासला जातात, त्या वयाचा मुलगा ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेल्या साम्राज्याचा धनी झाला. या साम्राज्याचा व्यापार थेट आपल्या दारापर्यंत येत होता. साधारण याच काळात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. रोमन श्रीमंतांच्या मुदपाकखान्यातली मिरी मलबारातून जात होती.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. कारभार पाहायला तत्त्वज्ञ सेनेका आणि सेनाधिकारी बुरस अशी दोन जाणती माणसे होती. एकदा फाशीच्या हुकमावर सही करायची वेळ आली तेव्हा, आपल्याला लिहायला शिकवलेच नसते तर बरे झाले असते, असे हा तरुण सम्राट म्हणाला, अशी आठवण सेनेकाने लिहून ठेवली आहे. इ.स. ५८ मध्ये जकातीसारखे सगळे अप्रत्यक्ष कर रद्द करावेत असे त्याच्या मनात आले होते. मोठ्यांनी समजूत घालून त्याला आवरले.

गाण्यावर मात्र त्याचा जीव होता. टर्पनस नावाच्या नामांकित वादकाला त्याने दरबारी ठेवून घेतले आणि त्याच्याकडे रियाज केला. छाती भक्कम व्हावी म्हणून तो शिशाचा पत्रा छातीवर ठेवून उताणा पडून राही, आवाजाला बाधतील ती फळे खात नसे. राजघराण्यातल्या माणसाने रंगमंचावर गाणे म्हणजे तिथल्या खानदानी लोकांच्या दृष्टीने नाक कापले जाण्यासारखे होते. नटाला त्या समाजात काडीची प्रतिष्ठा नव्हती. सामान्य लोकांना मात्र त्याचे गाणे ऐकायला गंमत वाटे.

आग लागली तेव्हा

इ.स. ६४ च्या जुलैमध्ये, १८ तारखेच्या रात्री, रोमच्या मोठ्या रथमैदानालगतच्या दुकानांत आग लागली. दुकानांत जळाऊ माल खच्चून भरलेला, गल्ल्या अरुंद आणि वाकड्या, वर वारा. सहा दिवस आग पेटती राहिली, विझली असे वाटले आणि पुन्हा भडकली. एकूण नऊ दिवस ती चालली. शहराच्या चौदा विभागांपैकी तीन पूर्ण भस्मसात झाले, सातांची दैना झाली आणि फक्त चार वाचले.

त्या रात्री नीरो रोममध्ये नव्हताच. तो अँटियमला, आपल्या जन्मगावी होता. आग आपल्या वाड्यापर्यंत पोचते आहे हे कळल्यावर तो परतला, एवढे त्याच्या विरोधात म्हणता येईल. पण परतल्यावर त्याने काय केले? बेघर झालेल्यांसाठी सार्वजनिक इमारती आणि स्वतःच्या बागा खुल्या केल्या. तात्पुरते निवारे उभारले. ओस्टिया बंदरातून आणि आसपासच्या गावांतून सामान आणवले, धान्याचा भाव उतरवून मापाला तीन सेस्टर्सवर आणला. पुढे शहर बांधताना रस्ते रुंद ठेवायला लावले, घरांच्या उंचीवर मर्यादा घातली, दोन घरांत सामाईक भिंत नको असा नियम केला, खालचा भाग न पेटणाऱ्या दगडाचा असावा असे ठरवले आणि आग विझवायची साधने घराच्या अंगणात ठेवायला सांगितली. आजच्या कुठल्याही महापालिकेने हेवा करावा असे हे काम होते.

हे सगळे आपल्याला सांगतो तो टॅसिटस, नीरोवर अजिबात प्रेम नसलेला इतिहासकार. पण तोच पुढे लिहितो की या कामाचे श्रेय नीरोला मिळाले नाही, कारण गावात एक कंडी पिकली होती. शहर जळत असताना सम्राट आपल्या खासगी रंगमंचावर उभा राहून ट्रॉय नगरीच्या विनाशाचे गाणे गात होता म्हणे. टॅसिटस ही अफवा म्हणून सांगतो. नंतरच्या दोघांनी, स्युटोनिअस आणि डिओ कॅसिअस यांनी, ती घडलेली गोष्ट म्हणून सांगितली. २०२३ साली रोममध्ये व्हॅटिकनजवळ एका जुन्या वाड्याच्या आवारात एका देखण्या नाट्यगृहाचे अवशेष सापडले. ते नीरोचेच खासगी नाट्यगृह असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. म्हणजे रंगमंच होता. त्या रात्री तो तिथे गात होता, याला मात्र पुरावा नाही.

अफवा चिकटली ती त्याच्या पुढच्या वागण्यामुळे. आगीत मोकळ्या झालेल्या जागेवर, शहराच्या ऐन मध्यावर, त्याने स्वतःसाठी ‘सुवर्णमहाल’ बांधायला घेतला. त्यात बागा, द्राक्षमळे, मोठे तळे आणि ब्राँझचा अवाढव्य पुतळा. ज्यांची घरे जळाली त्यांच्या मनात काय आले असेल ते सांगायला नको. लोकांचा संशय दूर करण्यासाठी मग बळीचे बकरे शोधले गेले. टॅसिटस सांगतो की नीरोने आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घातला, त्यांना कुत्र्यांकडून फाडले, क्रुसावर चढवले आणि रात्री उजेडासाठी मशालींसारखे जाळले.

बदनामी लिहिली कोणी?

आग लागली तेव्हा टॅसिटस सातआठ वर्षांचा असावा. त्याने तो इतिहास लिहिला पन्नासेक वर्षांनी. स्युटोनिअसचा जन्म नीरो गेल्यानंतरचा किंवा त्याच सुमाराचा. डिओने लिहिले ते जवळजवळ दीडशे वर्षांनंतर. हे तिघेही वरच्या थरातले, आणि नीरोने ज्यांना दुखावले, लुबाडले, मरायला लावले तो हाच थर. शिवाय नीरोनंतर यादवी झाली आणि व्हेस्पेशिअनचे नवे घराणे आले. जुना राजा जितका काळा, तितका नवा उजळ. व्हेस्पेशिअनने सुवर्णमहालाचे तळे बुजवून तिथे जनतेसाठी कलोसियम उभारायला घेतले. त्या वास्तूला पुढे हे नाव पडले ते बहुधा शेजारी उभ्या असलेल्या नीरोच्या त्याच अवाढव्य पुतळ्यावरून.

गरीब लोकांचे मत वेगळे दिसते. नीरो गेल्यावर कित्येक वर्षे त्याच्या थडग्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात कोणीतरी फुले वाहत होते, हे स्युटोनिअसच नोंदवतो. ‘मीच नीरो, मी मेलोच नव्हतो’ असे म्हणत तोतये उभे राहिले आणि त्यांच्यामागे लोकही गेले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्यात आला होता, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही.

अलीकडे पश्चिमेकडचे अभ्यासक नीरोच्या बाजूनेही बोलू लागले आहेत. २०२१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने त्याच्यावर मोठे प्रदर्शन भरवले. त्यामागचा विचार हाच होता की, हा राक्षस आपण पिढ्यान्‌पिढ्या रचत आणला आहे. वाचताना मलाही ते पटत होते. आणि तरीही काहीतरी खटकत होते. ते काय, हे मला आमच्या जुन्या चाळीतल्या एका बिऱ्हाडावरून उमगले.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. त्यांच्या खोलीत माणसाची कवटी आहे, अमावास्येला ते तिच्यापुढे दिवा लावतात, अशी चाळभर वदंता होती. कवटी कोणीही पाहिलेली नव्हती. पण आम्ही मुले त्यांच्या दारावरून पळत जायचो आणि मोठी माणसेही गच्चीवर गप्पांना बसली की हा विषय चवीने काढायची.

त्यांची बायको सकाळी नळावर यायची ती पदर गालावर ओढून. रात्री त्या खोलीतून जे आवाज येत ते सगळ्या मजल्याला ऐकू जात. त्याबद्दल गच्चीवर कोणी बोलत नसे. एकदा अशाच गप्पा रंगल्या असताना माझी आजी फटकन म्हणाली, “त्या कवटीचं काय घेऊन बसलात रे? तिच्या गालाकडे बघा जरा.” गप्पा थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून आजी त्या बाईंना नळावरून थेट आमच्या स्वयंपाकघरात आणी आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. वर्षभराने त्या माहेरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

आता चाळ राहिली नाही. जुनी मंडळी लग्नकार्यात भेटतात तेव्हा कवटीची आठवण हमखास निघते आणि सगळे हसतात. त्या बाईंचे नाव काय होते, असे मी एकदा आईला विचारले. आईला ते आठवेना. तिथे बसलेल्या कोणालाच आठवले नाही.

नीरोच्या फिडलचे तेच झाले आहे. खोटी गोष्ट इतकी मजेदार आहे की खऱ्या गोष्टींकडे कोणी पाहतच नाही. आणि आता ती गोष्ट खोटी ठरली म्हणून नीरोच निर्दोष सुटतो की काय, अशी वेळ आली आहे.

ऑक्टेव्हिया

म्हणून एक नाव सांगते, ऑक्टेव्हिया. ही क्लॉडिअसची मुलगी, ब्रिटानिकसची बहीण. ती आठनऊ वर्षांची असताना तिच्या आईला, मेसालिनाला, देहदंड झाला. तिचे लहानपणी ठरलेले लग्न अग्रिपिनाने मोडायला लावले आणि इ.स. ५३ मध्ये, जेमतेम तेरा वर्षांची असताना, तिला नीरोशी लावून दिले. पुढच्या वर्षी वडील गेले. त्याच्या पुढच्या वर्षी राजवाड्यात भोजन चालू असताना चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर आलेला तिचा भाऊ पेय पिऊन कोसळला. नीरो जागचा हलला नाही. याला लहानपणापासून अपस्मार आहे, येईल शुद्धीवर, असे म्हणाला. टॅसिटस लिहितो की एवढ्याशा वयातही ऑक्टेव्हिया दुःख आणि माया चेहऱ्यावर दिसू न द्यायला शिकलेली होती. मुलगा मेला, आणि जेवण पुन्हा सुरू झाले.

इ.स. ५९ मध्ये नीरोने आईला मारवले. आधी तिला मुद्दाम मोडेल अशा रचनेच्या नावेत बसवले. ती पोहून किनाऱ्याला लागली, तेव्हा शिपाई धाडले. मग तीन वर्षांनी ऑक्टेव्हियाची पाळी आली. नीरोला पॉपियाशी लग्न करायचे होते. ऑक्टेव्हिया वांझ आहे म्हणून त्याने तिला सोडले आणि बारा दिवसांत पॉपियाशी लग्न केले. एका बासरीवाल्याशी तिचा संबंध असल्याचा आरोप रचला गेला. कबुलीसाठी तिच्या दासींचे हाल हाल केले, पण बहुतेकींनी धनिणीविरुद्ध एक शब्द काढला नाही. तिला परत आणणार अशी हूल उठताच रोमचे लोक रस्त्यावर आले, त्यांनी पॉपियाचे पुतळे पाडले आणि ऑक्टेव्हियाच्या प्रतिमांवर फुले वाहिली. राजवाड्याला त्याचीच भीती वाटली. ज्या अधिकाऱ्याने नावेची कारवाई केली होती, त्यालाच ‘माझे तिच्याशी संबंध होते’ असे सांगायला लावले. बदल्यात त्याला सार्डिनियात सुखवस्तू हद्दपारी मिळाली. ऑक्टेव्हियाला पंडाटेरिया नावाच्या लहानशा बेटावर नेले. तिथे तिला बांधून तिच्या शिरा कापल्या. भीतीने गोठलेले रक्त सावकाश वाहू लागले म्हणून उकळत्या वाफेच्या स्नानगृहात तिचा जीव घेतला. ती फार तर बाविशीची असेल. तिचे शिर रोमला आणून पॉपियाला दाखवले. सिनेटने देवळांत आभाराच्या पूजा घालायचे ठरवले.

आणखी एक गोष्ट इ.स. ६१ ची. रोमचा नगरप्रमुख पेडेनिअस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी त्या घरातले सगळेच गुलाम मारायचे. ते होते चारशे, त्यांत बायका आणि मुलेही. लोक दगड आणि मशाली घेऊन आडवे आले. सिनेटमध्ये वाद झाला आणि बहुमत पडले ते शिक्षेच्या बाजूने. नीरोने लोकांनाच दटावले, वधाच्या वाटेवर दुतर्फा शिपाई उभे केले आणि चारशे माणसे त्या वाटेने गेली. एका शब्दाने हे थांबवणे त्याच्या हाती होते. आणि इथे एकटा नीरोच दोषी नाही. त्याची पुढे बदनामी करणाऱ्या प्रतिष्ठित थराचाही त्यात हात आहे. या चारशे जणांवर कोणी म्हण रचली नाही, याचे एक कारण हेही असेल.

इ.स. ६८ मध्ये सैन्य फिरले, सिनेटने नीरोला जनतेचा शत्रू ठरवले. रोमबाहेर एका जुन्या सेवकाच्या घरात लपून, दुसऱ्याच्या मदतीने त्याने गळ्यावर सुरी चालवली. वय तीस. केवढा कलावंत जगातून चालला, अशा अर्थाचे काहीतरी तो शेवटी पुटपुटत होता असे म्हणतात. तारीख होती ९ जून. सहा वर्षांपूर्वी ऑक्टेव्हियाला मारले तोच हा दिवस, असे स्युटोनिअस लिहितो.

मला वाटते, माणसाला त्याच्या खऱ्या अपराधासाठी नाव ठेवले पाहिजे. न केलेल्या गोष्टीसाठी दोष देण्यात त्याच्यावर अन्याय होतोच, पण त्याहून मोठा अन्याय त्याने ज्यांना छळले त्यांच्यावर होतो. नीरोला दूषणे द्यायची तर खुशाल द्यावीत. फिडल वगळून द्यावीत. ऑक्टेव्हियाचे आणि तिच्या त्या मुक्या राहिलेल्या दासींचे नाव घेऊन द्यावीत.